‘लेस्ट’ : पोटात नकार असलेलं अव्यय

शाळेत इंग्रजी व्याकरणाचा एक नियम घोकून घेतला जायचा. ‘लेस्ट’ आलं की पुढे ‘शुड’ आणि ‘नॉट’ चुकूनही नाही. ‘वॉक केअरफुली लेस्ट यू शुड फॉल’, म्हणजे जपून चाल, नाहीतर पडशील. पण ‘नॉट’ का नाही, हे कुणी सांगत नसे.

उत्तर शब्दाच्या जन्मात आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘थी लॅस थे’ अशी तीन शब्दांची जोडणी होती. मधला ‘लॅस’ म्हणजे आजचा ‘लेस’, कमी. ‘जेणेकरून अमुक घडणं कमी होईल’ असा काहीसा अर्थ. बोलता बोलता ‘थी’ गळाला, उरलेले दोन चिकटले, ‘स’च्या शेजारी ‘थ’चा ‘ट’ झाला. नकार त्या ‘कमी’तच मुरलेला, मग वेगळा ‘नॉट’ कशाला? मराठीत ‘पडू नये म्हणून’ म्हणताना ‘नये’ उघड उच्चारावं लागतं. इथे ते शब्दाच्या पोटात आहे. मला या शब्दाची हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

1611च्या इंग्रजी बायबलमध्ये तो जागोजागी भेटतो. देवाने मना केलेल्या फळाला शिवूही नका, नाहीतर मराल, हे हव्वा सापाला सांगते ते ‘लेस्ट’ वापरूनच.

नंतर बोलण्यातून तो मागे पडला, पण एका ओळीने त्याला तगवलं. 1897मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला 60 वर्षं झाली. 22 जूनला लंडनमध्ये मिरवणूक निघाली. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीत याच निमित्ताच्या समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. पुढे मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग यांची ‘रिसेशनल’ ही कविता 17 जुलैला ‘द टाइम्स’मध्ये छापून आली. साम्राज्याचा डामडौल ओसरणारा आहे, देवा, आमच्यासोबत राहा, ‘लेस्ट वी फर्गेट’, आम्हाला विसर पडू नये म्हणून. भीती होती ती देवाचा विसर पडण्याची.

पहिल्या महायुद्धानंतर अर्थ सरकला. 1915मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत खुद्द किपलिंग यांचा मुलगा गेला. आता 11 नोव्हेंबरला, म्हणजे त्या युद्धाच्या युद्धविरामदिनी, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 25 एप्रिललाही, म्हणजे तिथल्या सैनिकांच्या ‘अँझॅक’ स्मृतिदिनी, हे शब्द मृत सैनिकांसाठी उच्चारले जातात. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं. पण स्मारकांच्या दगडावर कवितेतली आधीची प्रार्थना नाही, फक्त ‘लेस्ट’पासून पुढचं कोरलेलं आहे.