भाजलं कधी, पुरलं कधी? कोरियातल्या चिनी भांड्यांचं वय

जुनं भांडं सापडल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कार्बन डेटिंग केलं का?" झिलईच्या चिनी भांड्याचं कार्बन डेटिंग होत नाही. ती पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींसाठी आहे: लाकूड, हाड, धान्य. बाराशे अंशांच्या आसपास भाजलेल्या भांड्यात तसा कार्बन उरतच नाही. शेजारी कोळसा मिळाला तर वय कळेल ते कोळशाचं.

थर्मोल्युमिनिसन्स ही पद्धत मात्र चालते. मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांत नैसर्गिक किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन अडकत जातात. भट्टीत ते सगळे सुटतात, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. पुढे नमुना पुन्हा तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्यावरून भाजल्यापासूनचा काळ काढता येतो. अडचण अशी की यात साधारण 5 ते 10 टक्के चूक धरावी लागते. 1600 वर्षांच्या भांड्यात ती 80 ते 160 वर्षं होते. अस्सल-नक्कल ओळखायला हे पुरतं, राजाची कारकीर्द ठरवायला नाही. शिवाय नकली भांड्याला मुद्दाम किरणोत्सार देऊन 'जुनं' करता येतं, म्हणून लिलावातल्या नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये.

कोरियात खरं काम होतं ते आकारांच्या तुलनेवर. चीनमधल्या अनेक थडग्यांच्या विटांवर किंवा मृत्युलेखांवर साल कोरलेलं असतं. त्या थडग्यांतली भांडी सालवार लावली की आकार कसा बदलत गेला ते दिसतं आणि कोरियात सापडलेलं भांडं त्या रांगेत बसवता येतं.

कोंबड्याच्या तोंडाची झारी घ्या. चीनच्या पश्चिम जिन काळात (265–316) ती बुटकी आणि फुगीर असते. खांद्यावर कोंबड्याचं छोटंसं डोकं आणि विरुद्ध बाजूला शेपूट. डोकं बहुधा भरीव, त्यातून पाणी येतच नाही! पूर्व जिन काळात (317–420) शेपटीच्या जागी खांद्यापासून काठापर्यंत जाणारी मूठ येते, कोंबड्याला मान फुटते आणि चोच पोकळ होऊन तिची तोटी बनते. पुढे झारी उंच आणि सडपातळ होत जाते, मूठ काठाच्याही वर चढते. म्हणून मोजायचं ते एकूण उंची भागिले पोटाचा सर्वांत मोठा व्यास, आणि मूठ काठाच्या किती वर गेली आहे ते. काठ तुटून नंतर जोडलेला असेल तर ही मापं फसवतात, म्हणून आधी सांधे तपासायचे.

गोंग्जूजवळच्या सुचोन-री इथे 2003 मध्ये बेक्जे या प्राचीन कोरियन राज्यातली थडगी उघडली, त्यांतल्या चौथ्या थडग्यात अशी काळ्या झिलईची झारी निघाली. चीनच्या चज्यांग प्रांतातल्या देचिंगच्या भट्ट्या काळ्या झिलईसाठी प्रसिद्ध होत्या. त्या धाटणीची झारी हांगझौच्या लाओहशान इथल्या 364 सालच्या थडग्यात सापडली आहे. रांगेला असे खुंटे मिळतात.

पण खुंटा सांगतो भांडं घडल्याचा काळ, पुरल्याचा नाही. ही गल्लत महागात पडते. सोलच्या मोंगचोन या बेक्जे तटबंदीत नाण्यांचे ठसे उमटवलेली चिनी खापरं मिळाली. ती पश्चिम जिन काळातली धरून तटबंदीचं वय तिसऱ्या शतकाच्या अखेरीला नेलं गेलं. पुढे आक्षेप आला की अशी भांडी नंतरही बनत होती. एका खापरावर राज्याच्या जन्माची तारीख टांगली की असं होतं.

या बाबतीत बेक्जेचा राजा मुर्योंग याचं थडगं म्हणजे खजिनाच. 1971 मध्ये शेजारच्या थडग्यांच्या पाणीनिचऱ्याचं काम चालू असताना ते सापडलं. शिलालेख सांगतो: राजा 523 मध्ये वारला, 525 मध्ये पुरला, राणी 529 मध्ये. आत सहा कानांच्या सेलाडॉन (हिरवट झिलईच्या) बरण्या होत्या, आणि शिलालेखाच्या शिळेवर लोखंडी नाण्यांची चळत. चीनच्या लिआंग राजवटीने लोखंडी नाणी पाडायला सुरुवात केली ती 523 मध्येच. म्हणजे पुरताना ती जेमतेम दोन वर्षांची असतील. बरण्यांचं तसं म्हणता येत नाही. त्या आधी कितीतरी वर्षं दरबारात वापरात असू शकतात. म्हणून बुडाची झीज, कानांच्या आतला घासलेपणा आणि दुरुस्तीच्या खुणा भिंगाखाली पाहाव्या लागतात.

याच सेलाडॉनबद्दल आपल्याकडे मुघल काळात समज होता की विषारी अन्न वाढलं तर ताट तडकतं. झिलई ही काच आहे, तिला विष कळत नाही. तिच्यावर भेगांची जाळी पडते ती थंड होताना झिलई भांड्याच्या अंगापेक्षा जास्त आकसते म्हणून.

घडणं आणि पुरणं यांतलं अंतर सर्वांत स्पष्ट दिसतं ते कोरियाच्या शिनानजवळ बुडालेल्या जहाजात. चीनच्या निंगबोहून जपानच्या हाकाताकडे निघालेल्या या जहाजातून 1976 ते 1984 दरम्यान वीस हजारांहून अधिक भांडी वर काढली. नाण्यांतलं सर्वांत नवं 1310 मध्ये सुरू झालेलं, म्हणजे जहाज त्यानंतरचं, एवढंच कळत होतं. मग मालाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर साल मिळालं: 1323. त्याच मालात चीनमधल्या ज्येन भट्टीचे काळे चहाचे वाडगे होते, 1279 मध्ये संपलेल्या दक्षिण सोंग काळात घडलेले. त्यांच्या आत चहा घुसळणाऱ्या बांबूच्या रवीचे ओरखडे आहेत. विक्रीला निघाले तेव्हाच ते जुने, वापरलेले होते.