लॅपटॉप बदलण्याआधी एकदा चार्जर काढून बघा

"भाऊ, नवीन लॅपटॉप घेतला तर गाणं आणखी चांगलं वाजेल का?" हा प्रश्न आमच्या म्युझिक सिस्टीमच्या दुकानात सारखा येतो. सिस्टीम आमच्याकडून नेलेली असते, गाणी इंटरनेटवरून लॅपटॉपवर येतात आणि आवाजात काही खटकलं की पहिला संशय लॅपटॉपवर. आम्ही कॉम्प्युटर विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो: आवाजासाठी म्हणून नवा कॉम्प्युटर घेऊ नका.

सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदाला साधारण 1,411 किलोबिट. दहा वर्षांचा जुना लॅपटॉपही एवढं काम सहज करतो. गाणं इंटरनेटवरून येताना त्याचा एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवला जातो. फारच उशीर झाला तर गाणं अडखळतं. अडखळतं, पण त्याचा गोडवा कमी होत नाही. म्हणूनच "आवाज सुधारणारी" महागडी लॅन (इंटरनेटची) केबल आम्ही दुकानात ठेवत नाही, कोणी मागितली तरी.

मग लॅपटॉप बदलल्यावर कोणाला फरक जाणवला तर तो भास का? तसंही नाही. फरक असतो, पण तो विजेमुळे आणि सेटिंगमुळे असतो.

विजेचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात. "स्पीकरमधून हमिंग येऊन राहिलं, माणूस पाठवा." आमचा माणूस नागपूरच्या भर उन्हात मनीषनगरला पोचतो, लॅपटॉपचा चार्जर काढतो आणि स्पीकर शांत होतो. ग्राहकाचा अर्धा दिवस वाट बघण्यात गेलेला असतो, आमचा रस्त्यात.

गेल्या मे महिन्यात महालातल्या एका काकांकडे मी स्वतः गेलो होतो. हमिंगपायी त्यांनी लॅपटॉपच बदलला होता, तरी नव्यावरही तेच. त्यांनी ख्यालाचं एक रेकॉर्डिंग लावलं. तानपुऱ्याखाली आणखी एक सूर धरून बसलेला होता. काका म्हणाले, रेकॉर्डिंगच तसं असेल. गाणं थांबवलं, तरी तो सूर चालूच. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचला अगदी खाली नेलं तर तिच्यापेक्षा जरासा चढा सूर. गाणं पांढरी पाचमधलं असेल तर तो तानपुऱ्याशी सतत भांडत राहतो. ज्याचा कान तयार आहे त्याला हे सहन होणार नाही, आणि काकांचा कान तयार होता. मी चार्जरची पिन बोर्डातून काढली. खोलीत फक्त कुलरची घरघर उरली.

त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर दिवाणामागच्या बोर्डात होता, लॅपटॉपचा चार्जर खिडकीजवळच्या. दोघांनाही तीन पिन, म्हणजे दोघांना दोन वेगळ्या वाटांनी अर्थ (जमिनीशी जोडणारी सुरक्षेची तार) मिळत होता, आणि मध्ये ऑडिओ केबलने दोघं जोडलेले. दोन अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्याचा करंट केबलच्या जाळीतून वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला गाण्यासारखाच मोठा करतो. आम्ही दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले. चार्जर परत लावला तरी हमिंग ऐकू येईना. एक रुपया खर्च नाही.

उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते, आपली काळी माती तर भेगाळते, आणि अर्थ कमजोर पडतो. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालत जा. घर जुनं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ते गाण्यापेक्षा घरच्यांसाठी गरजेचं आहे.

आणि हात जोडून एक विनंती. हमिंग जातं म्हणून प्लगची तिसरी पिन तोडू नका, दोन पिनचा कन्व्हर्टर लावू नका. हमिंग जाईलही, पण आत कधी वायर सुटली तर करंट अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर येईल. असं केलेलं दिसलं तर आम्ही आधी पिन बदलायला सांगतो, मगच सिस्टीमला हात लावतो. काही ग्राहकांना याचा राग येतो, पण यात आम्ही सूट देत नाही.

तर फोन करण्याआधी एवढं करा. गाणं थांबवा, चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या आणि ऐका. हमिंग गेलं तर दोन्ही प्लग एका बोर्डवर घ्या. तरी राहिलं तर केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पुन्हा ऐका, कारण तीही बाहेरून अर्थ आणते. एवढं करूनही राहिलं तर जरूर बोलवा. व्हिजिटचे 300 रुपये आम्ही घेतो, कारण माणसाचा वेळ जातो. बिघाड आमच्या मालात निघाला तर घेत नाही.

आता सेटिंग. विंडोज सगळे आवाज एकत्र करून एकाच ठरावीक दराने (सेकंदाला इतके नमुने) बाहेर सोडतं. तिथे 48,000 निवडलेलं असेल तर 44,100 चं गाणं वाटेत बदलतं. आवाजाच्या प्रॉपर्टीजमध्ये दर गाण्याप्रमाणे ठेवा आणि "एन्हान्समेंट" बंद करा. एन्हान्समेंट, म्हणजे विंडोजने आवाजात आपणहून केलेले बदल, बंद केल्याचा फरक दर बदलण्यापेक्षा जास्त ऐकू येतो. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस (काहीही न गाळलेलं गाणं) 2021 पासून आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि ब्लूटूथ स्पीकरवर ते लॉसलेस राहत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब आधी खाली आणा, मग लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण करा. पुढे कमी-जास्त नॉबनेच.

माउस हलवला की स्पीकरमध्ये चिरचिर होते? ती लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून येते. तिथे मात्र यूएसबी डॅक (आकड्यांतून आवाज बनवणारा छोटा डबा) खरोखर कामाचा आहे. आवाज लॅपटॉपच्या पोटातल्या गडबडीपासून दूर, बाहेरच्या डब्यात तयार होतो, आणि चांगला डॅक नमुने सोडायची वेळही स्वतःच्याच घड्याळावर पाळतो. पण हमिंग घालवायला डॅक घेऊ नका, अर्थ यूएसबी केबलमधूनही येतो. त्यासाठी ऑडिओ केबलच्या मध्ये बसणारा, दोन्हीकडचे अर्थ वेगळे ठेवणारा छोटा आयसोलेटर पुरतो, आणि तो डॅकपेक्षा बराच स्वस्त आहे.

दोन्ही वस्तू तीन दिवस घरी नेऊन ऐका, डिपॉझिट ठेवून. फरक वाटला नाही तर परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. दुकानातच ऐकायचं असेल तर आपलाच लॅपटॉप आणा आणि चार्जरही सोबत घ्या. तो नसेल तर घरात जे ऐकू येतं ते इथे तपासता येत नाही.