पाऱ्यात सोनं होतं, की पाऱ्याचं सोनं होतं?

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाडला आमच्या दाजींच्या द्राक्षबागेत बोर्डोचे, म्हणजे बुरशीवर फवारायच्या औषधाचे, पिंप भरायला लागतात. मोरचूद आणि चुना मिसळून झाला की दाजी त्यात विळ्याचं पातं बुडवतात, थोडा वेळ धरतात आणि उजेडात फिरवून बघतात. तांबूस झाक दिसली की ओरडतात, "चुना कमी पडला रे, अजून ओत." इतक्या वर्षांत 'लोखंडाचा विळा तांब्याचा झाला' असं ते एकदाही म्हणालेले नाहीत. मोरचुदातलं तांबं पात्यावर येऊन बसलं, एवढं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

याच दाजींनी मला व्हॉट्सॲपवर सोन्याच्या विटांचा फोटो पाठवला. खाली मजकूर : शिशाचं सोनं झालं, ऋषिमुनींना ठाऊक होतं ते विज्ञानाने आता मान्य केलं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. खिळा-मोरचुदाचा प्रयोग किती वेळा मांडून दिला असेल, मोजदाद नाही. त्यामुळे असल्या निरोपांचा मला जरा जास्तच कंटाळा येतो. तेवढाच कंटाळा 'छे, धातूचं सोनं होणं अशक्य!' असं ठणकावून सांगणाऱ्यांचा येतो. घोळ दोन्हीकडे एकच आहे आणि तो शीर्षकातल्या 'होतं' या शब्दात बसलाय. आधीपासून होतं, की आता नव्याने होतं?

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ. भांडी बाजारातला घंगाळ सोन्यासारखा चमकतो म्हणून तो घेऊन कुणी सराफाकडे जात नाही. मुलामा म्हणजे वरचा थर. 'एक ग्रॅम सोनं' हेही तेच, आणि त्याला नुसतं 'सोनं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो, घरच्यांशीसुद्धा. असो. इथे कुणी फारसं फसत नाही.

फसतात ते पुढे.

सराफ बाजारातल्या दुकानांसमोरची धूळ झाडून नेणारे झारेकरी आठवा. ती माती धुऊन, पाऱ्यात घोळवून ते सोन्याचे कण वेगळे करतात. मातीचं सोनं केलं असं तिथे कुणी म्हणत नाही, कारण ते कण कानशीने घासताना कारागिराच्या हातून पडलेले असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. हे झालं सोनं काढणं. आता हीच गोष्ट उलटी करा. पाऱ्यात आधीच सोनं विरघळवून ठेवा. सोनं पाऱ्यात सहज विरघळतं, थोडंसंच असेल तर पारा दिसायला पाराच राहतो. लोकांसमोर तो मुशीत ओता, वरून कसलीशी पूड टाका, मंत्र म्हणा आणि तापवा. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळून उडून जातो. सोनं वितळायलाच १,०६४ अंश लागतात, ते तळाशी राहतं. पाहणारा हात जोडतो. पाऱ्यात सोनं होतं, म्हणून निघालं. (पाऱ्याची वाफ विषारी असते. भोंदूच्या बरोबरीने भक्तांच्याही छातीत ती जाते.)

दारावर येणारे 'पाटल्या उजळून देतो' वाले हाच खेळ उलट्या दिशेने खेळतात. त्यांच्या वाटीत अम्लराज असतं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण. त्यात सोनं विरघळतं. पाटली चकचकीत होऊन परत मिळते, दोन-तीन ग्रॅमनी हलकी होऊन. नाहीसं झालेलं सोनं वाटीत असतं आणि वाटी त्याच्या पिशवीत.

नुसते भोंदूच नाही, प्रामाणिक माणसंही इथे घसरली आहेत. १९२४ साली बर्लिनमध्ये आडोल्फ मीथं या प्राध्यापकांना पाऱ्याच्या दिव्यात सोन्याचा अंश सापडला. विजेने पाऱ्याचं सोनं झालं, असं त्यांनी जाहीर केलं. जपानमध्ये हांतारो नागाओका यांनीही तशीच घोषणा केली. इतरांनी कसून शुद्ध केलेला पारा घेऊन प्रयोग केले, तर सोनं मिळेना. ते पाऱ्यात अशुद्धी म्हणून आधीपासूनच होतं. म्हणजे पुन्हा झारेकऱ्याचाच धंदा, फक्त नकळत केलेला.

रसायनशास्त्रात जे काही घडतं ते सगळं या जातीचं. तापवा, घोटा, आम्लात टाका, वीज सोडा, अणू एकमेकांपासून सुटतील, नव्या जोड्या जुळवतील. ही सगळी देवाणघेवाण अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. सोनं सोनं ठरतं ते मात्र आतल्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात म्हणून. पाऱ्यात ८० असतात, शिशात ८२. त्या आकड्याला भट्टीची झळ पोचत नाही. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या मधोमध एक बेदाणा ठेवा आणि त्याच्या चहूबाजूंनी शंभर-शंभर मीटर जागा सोडा. बेदाणा म्हणजे केंद्रक, बाकी सगळा इलेक्ट्रॉनांचा पसारा. सोनाराची फुंकणी मैदानाच्या कडेला गवत हलवते.

अंतरापेक्षा मोठी अडचण जोराची आहे. सोनं वितळवणाऱ्या मुशीत एकेका अणूच्या वाट्याला उष्णतेची जी ऊर्जा येते ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) दहाव्या हिश्श्याच्या आसपास. केंद्रकातला एक कण बाहेर काढायला साधारण ऐंशी लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांवर आहे. तिथे शिशाची वाफ होईल, पण ती वाफ शिशाचीच असेल. म्हणून 'अणुभट्टी' हा शब्द मला अजिबात आवडत नाही. भट्टी म्हटलं की लोकांना वाटतं, सोनाराचीच भट्टी, फक्त जास्त तापलेली.

तिथे काम करतो तो न्यूट्रॉन. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने केंद्रक त्याला दूर ढकलत नाही, तो अलगद आत शिरतो. नैसर्गिक पाऱ्यात हजारात दीड अणू पारा-१९६ या समस्थानिकाचे असतात (समस्थानिक म्हणजे प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त; १९६ ही दोन्हींची बेरीज). त्याने न्यूट्रॉन गिळला की पारा-१९७ तयार होतो. हा टिकत नाही. दर ६४ तासांनी त्यातल्या निम्म्या अणूंमध्ये केंद्रक एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि ते सोनं-१९७ होतात. सराफाकडे मिळतं तेच हे, टिकाऊ सोनं. इथे आधी सोन्याचा एक कणही नव्हता. हे पाऱ्याचं सोनं होणं.

तेव्हा 'अशक्य' म्हणणारे गुरुजीही चुकतात. १९४१ मध्ये हार्वर्डला वेगवान न्यूट्रॉन मारून पाऱ्याचं सोनं केलं होतं, पण ते किरणोत्सारी निघालं, काही काळाने पुन्हा दुसरंच मूलद्रव्य होणारं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीला ग्लेन सीबोर्ग हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथ या धातूपासून सोनं मिळवलं. या वाटेने एक औंस करायचं तर खर्च किती, असं विचारल्यावर सीबोर्गनी सांगितलेला आकडा डॉलरमध्ये एकावर पंधरा शून्यांच्या वर जातो.

दाजींच्या फोटोमागची बातमी २०२५ ची, जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेतली. तिथे शिशाची केंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर सोडतात. काही एकमेकांना न धडकता अगदी जवळून निसटतात, आणि त्या वेळच्या विद्युतचुंबकीय झटक्याने एखाद्या केंद्रकातून तीन प्रोटॉन उडतात. ८२ वजा ३. अॅलिस या प्रयोगाच्या हिशेबानुसार २०१५ ते २०१८ च्या टप्प्यात सोन्याची ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. आकडा ऐकून डोळे फिरतात, वजन भरलं २९ पिकोग्रॅम. सराफाच्या नाजूक काट्यावर एक मिलिग्रॅम कळतं, त्याचाही हा जेमतेम साडेतीन कोटींवा भाग. आणि तेवढंही हाताला लागलं नाही, क्षणार्धात यंत्राच्या नळीवर आपटून विखुरलं. विटांचा फोटो कुणी जोडला, देव जाणे.

राहिले रसशास्त्री, म्हणजे आपले जुने किमयागार. लोहवेध, म्हणजे साध्या धातूचं सोनं करण्याची विद्या, त्यांनी मनापासून शोधला, पण मुशीतून तो साधणार नव्हता. त्यांचं कौतुक करायचंच असेल तर जस्तासाठी करा. तापवताच जस्ताची वाफ होऊन ती निसटते. ती बंद मुशीतून खाली उतरवून थंड करायची आणि जस्त धरायचं, ही युक्ती राजस्थानात जावरला शेकडो वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर चालत होती. युरोपला ते फार उशिरा जमलं. खऱ्या कामगिरीचं नाव नाही आणि सर्नच्या नळीतल्या २९ पिकोग्रॅमवर हक्क सांगायचा, याची मला चीड येते.

हे सगळं दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे विळ्यावर येतं ते माझ्याच मोरचुदातलं."

"हो."

"आणि त्या सर्नवाल्यांनी मोरचूद न घालता विळा लाल केला."

इतकी वर्षं प्रयोग मांडले, मला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं. फोटो मात्र त्यांनी तोवर आणखी तीन ग्रुपवर टाकला होता.