फाइल बदलणार की नुसती दाखवणार? : फॉरमॅटरच्या वापर-माहितीची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये विजयनगरच्या आमच्या छोट्या ऑफिसात कोड नीट मांडणाऱ्या एका कमांड-लाइन टूलची वापर-माहिती सध्या नव्याने लिहिणं चालू आहे. वाद एकाच ओळीवर अडला आहे : ‘फाइलचं नाव द्या, टूल कोड फॉरमॅट करेल.’ म्हणजे मूळ फाइल बदलेल, की नीट केलेला कोड फक्त टर्मिनलवर दाखवेल? हा प्रश्न कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलांनाच पडतो असं नाही, आणि त्याची मुळं बरीच जुनी आहेत.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची जुनी शिस्त अशी की प्रोग्रामने एकीकडून मजकूर घ्यायचा, दुसरीकडून सोडायचा आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही. १९७९च्या सातव्या आवृत्तीतलं ‘सीबी’ हे सी भाषेचा कोड सुबक करणारं टूल असंच चाले. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या बर्कलीतल्या आवृत्तीत ‘इंडेंट’ हे तशाच कामाचं टूल आलं आणि गोंधळ खरा तिथून सुरू झाला. त्याला एकच नाव दिलं तर ते बॅकअप ठेवून तीच फाइल बदलतं. दोन नावं दिली तर दुसरं नाव आउटपुटचं धरलं जातं. पुढे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या इंडेंटने दिलेली सगळी नावं इनपुट मानायचं ठरवलं आणि आउटपुटसाठी वेगळा ‘ओ’ फ्लॅग (कमांडसोबत लिहायचा पर्याय) ठेवला. म्हणजे तीच कमांड, तीच दोन नावं : एका मशीनवर दोन्ही फाइली नीट होतात, दुसऱ्यावर दुसऱ्या फाइलमधला कोड पुसला जाऊन तिथे पहिलीची प्रत बसते. अशा वेळी मराठी घरातला पोरगाही इंदुरी बोलीतच ओरडतो, ‘भिया, फाइल ही उड़ गई!’

२००९मध्ये गो भाषेबरोबर ‘गोफम्ट’ हा तिचा फॉरमॅटर जाहीर झाला. मांडणी कशी हवी याचे पर्याय त्याने जवळजवळ ठेवलेच नाहीत, त्यामुळे जुन्या टूल्सची फ्लॅगांची लांबलचक यादी गळाली. माझ्या मते वापर-माहिती लिहिणाऱ्यांवर हा मोठा उपकार होता. फाइलचं काय होणार, हा प्रश्न मात्र राहिलाच. गोफम्ट नुसतं चालवलं तर कोड टर्मिनलवर येतो. फाइल बदलायला ‘डब्ल्यू’ फ्लॅग लागतो. पण मध्ये जागा सोडून ‘गो फम्ट’ लिहिलं, की ‘एल’ (फाइलींची नावं छापणारा) आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही आपोआप लागतात आणि फाइल बदलते. एका स्पेसवर इतकं अवलंबून असेल तर ते ठळक छापायलाच हवं.

२०१७चं जावास्क्रिप्टसाठीचं ‘प्रिटिअर’ आधी दाखवतं, ‘राइट’ फ्लॅग दिला तरच लिहितं. २०१८चं पायथनसाठीचं ‘ब्लॅक’ थेट फाइलवर लिहितं, रस्ट भाषेचं ‘रस्टफम्ट’ही तसंच. एका टूलची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलेला माणूस इथेच फसतो.

नुसतं तपासण्याचीही हीच गत. फाइल नीट मांडलेली नसेल तर ब्लॅक आणि प्रिटिअर ‘चेक’ फ्लॅगवर १ हा एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा; ० म्हणजे सगळं ठीक) देतात, त्यामुळे बिल्ड, म्हणजे कोड आपोआप तपासून-जुळवून घेण्याची प्रक्रिया, थांबतो. गोफम्टचा ‘एल’ फ्लॅग अशा फाइलींची नावं छापतो आणि एक्झिट कोड मात्र ०च देतो. ते थेट बिल्डमध्ये टाकलं तर सगळं आलबेल दिसतं.

आमच्या मसुद्यात आता पहिल्याच ओळीत ‘फ्लॅगशिवाय चालवल्यास फाइल बदलत नाही’ असं आलं आहे. तिच्याखाली एक्झिट कोड आहेत, पर्यायांची यादी त्यानंतर. उदाहरणांत फाइलींचा पॅटर्न ज्यात लिहिला आहे त्या सिंगल कोटचं काम अजून बाकी आहे. आमच्या निम्म्या मुलांकडे विंडोज आहे, आणि तिथला जुना कमांड प्रॉम्प्ट सिंगल कोटला कोट मानतच नाही. कोट काढूनच टाकले तर बॅश (लिनक्सवर कमांड वाचणारा प्रोग्राम) दोन ताऱ्यांचा (**, म्हणजे आतले सगळे फोल्डर) पॅटर्न टूलपर्यंत न पोचवता स्वतःच उलगडतो आणि त्याची ‘ग्लोबस्टार’ ही सेटिंग चालू नसेल तर एकाच पातळीवरच्या फोल्डरांत शोधतो. बाकीच्या फाइली काही न सांगता सुटतात. म्हणून सगळीकडे डबल कोट घालायचे ठरले आहेत.