माहिती व दळणवळण अभियांत्रिकीतील पीएच.डी., मुंबई

माहितीचे संकेतन, प्रसारण आणि तिच्यावरील प्रक्रिया यांत संशोधन करून मिळणारी पदवी. मराठीत ‘विद्यावाचस्पती’, बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. ‘माहिती व दळणवळण अभियांत्रिकी’ हे विद्याशाखेचे नाव चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात रूढ आहे. मुंबईत त्या नावाची पाटी शोधणारा हिरमुसून परतेल. इथे हे काम मुंबई विद्यापीठात ‘इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन’, म्हणजे मुलांच्या तोंडची ‘एक्सटीसी’, या शाखेत चालते. पवईच्या आयआयटीत ते मुख्यतः विद्युत अभियांत्रिकी विभागाकडे येते, तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तंत्रज्ञान व संगणकशास्त्राच्या शाखेकडे.

कामाचा पोतही जागेगणिक वेगळा. कुलाब्यात क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाच्या 1948च्या माहिती-सिद्धांतापासून निघालेली प्रमेये कागदावर सुटतात. पवईच्या संशोधकांनी मात्र टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून पालघर जिल्ह्यातल्या गावांत इंटरनेट पोचवून पाहिले. या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात झाडी आणि वीजपुरवठा हेही समीकरणाचाच भाग होते.

विद्यापीठात प्रवेशासाठी ‘पेट’ ही परीक्षा असते. आयआयटीत ‘गेट’ या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी परीक्षेचे गुण आणि मुलाखत हा नेहमीचा रस्ता. खरी अडचण त्यानंतरची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार एका प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4च विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे विषय नंतर, आधी गाईड. उमेदवारांत अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शिक्षक पुष्कळ, कारण सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागते. दिवसभर तास घ्यायचे आणि रात्री संगणकावर सिम्युलेशन लावून झोपायचे, असा त्यांचा क्रम.

किमान मुदत 3 वर्षे, कमाल 6. पुनर्नोंदणी केल्यास आणखी 2, आणि महिला व दिव्यांग उमेदवारांना त्याहून 2 जास्त. याच नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती काढली, पण गाईड सहसा ती काढत नाहीत. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी 2023पासून दरमहा 37,000 रुपये आहे. वसतिगृह मिळाले तर ती पुरते. अंधेरीत भाड्याने राहणाऱ्याने हिशेब न केलेलाच बरा.

प्रबंध गाईडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. शेवटच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, इतर संशोधक विद्यार्थ्यांनाही बसता येते. नवे विद्यार्थी मागच्या बाकांवर मुद्दाम येऊन बसतात, परीक्षक नेमके कुठे अडवतात ते पाहायला.