तीन पानं आणि चार वर्षांची शांतता

नोव्हेंबर १९६७. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांचा जेमतेम तीन पानांचा शोधनिबंध छापून आला. नाव साधंच, ‘अ मॉडेल ऑफ लेप्टॉन्स’ (लेप्टॉन म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांचं कुटुंब). त्या वर्षी कुणीही त्याचा संदर्भ दिला नाही. १९६८ मध्ये नाही, १९६९ मध्येही नाही. १९७० मध्ये एकदा, १९७१ मध्ये चार वेळा. आणि मग १९७२ मध्ये ६४, १९७३ मध्ये १६२! वाइनबर्ग, अब्दुस सलाम आणि शेल्डन ग्लॅशो यांना १९७९ मध्ये नोबेल जाहीर झालं, तेव्हा हार्वर्डच्या सिडनी कोलमन यांनी हा हिशेब मांडला होता.

एका शास्त्रज्ञाच्या निबंधाचा हवाला दुसऱ्यांनी किती वेळा दिला, म्हणजेच सायटेशन, यावरून आज त्याच्या कामाचं वजन ठरतं. नेमणूक असो की बढती, हा आकडा मध्ये येतोच. २००५ मध्ये होर्हे हर्श यांनी त्यासाठी ‘एच-इंडेक्स’ सुचवला. एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन असतील, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. वाइनबर्ग यांच्या त्या निबंधाला आजवर दहा हजारांहून जास्त सायटेशन मिळाली आहेत, पण या मापात तो भर घालतो फार तर एकाची. म्हणून मला एकूण आकड्यापेक्षा सुरुवातीची ती शून्यं जास्त बोलकी वाटतात.

शून्य का? निबंध दुर्लक्षित राहावा इतका किरकोळ होता म्हणून नव्हे. ज्याच्यामुळे सूर्यात हायड्रोजनचं ज्वलन सुरू होतं, ते क्षीण बल आणि आपल्या घरातल्या विजेमागचं विद्युतचुंबकीय बल ही मुळात एकच, असं त्यात मांडलं होतं. मग दोघांत एवढा फरक कसा? विद्युतचुंबकीय बल वाहून नेणाऱ्या फोटॉनला वस्तुमान नसतं, म्हणून ते दूरवर पोचतं. क्षीण बलाचे वाहक जड, म्हणून ते अणुकेंद्राच्याही आत अडकून पडतं. हे वस्तुमान पीटर हिग्ज आणि इतरांनी १९६४ मध्ये सुचवलेल्या यंत्रणेतून येतं, असं वाइनबर्ग यांनी दाखवलं. हीच कल्पना ते आधी अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाला लावू पाहत होते. युक्ती बरोबर पण प्रश्न चुकीचा, हे बहुधा गाडीने एमआयटीला जाताना लक्षात आलं, अशी आठवण त्यांनीच सांगितली आहे. सलाम स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले होते.

पण गाडं अडलं होतं गणितात. बारकाईने आकडेमोड करू गेलं की अशा सिद्धांतांत उत्तरं अनंत येत. त्या अनंतांना आवर घालता येईल का, हा प्रश्न वाइनबर्ग यांनी निबंधाच्या शेवटी मोकळा सोडला. पुढे काही वर्षं त्यांनी स्वतःच त्याच्याशी झटापट केली, विद्यार्थ्यांनाही सोबत घेतलं, पण हाती फारसं लागलं नाही. ज्या सिद्धांतातून खात्रीचा आकडा काढता येत नाही, त्याचा हवाला इतरांनी कशासाठी द्यावा? १९७१ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे मार्टिनस वेल्टमन यांचा विद्यार्थी गेरार्ड एट हूफ्ट याने ती गाठ सोडवली. तो विशीतला पोरगा होता! पुढच्याच वर्षीचे ते ६४ संदर्भ मुख्यतः त्याच्या कामाची पावती आहेत, आणि ती पडली वाइनबर्ग यांच्या खात्यात. यात मला अन्याय दिसत नाही. सिद्धांतात एकाचा निबंध दुसऱ्याच्या हातूनच जिवंत होतो.

मग प्रयोग आला. या सिद्धांतानुसार क्षीण बलाला झेड नावाचा एक विद्युतभाररहित वाहकही हवा होता. तसं असेल तर न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेला एक अतिहलका कण, एखाद्या इलेक्ट्रॉनला नुसता धक्का देऊन, न्यूट्रिनो म्हणूनच पुढे निघून जाऊ शकेल. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत गार्गामेल नावाची जवळजवळ पाच मीटर लांबीची टाकी होती, फ्रिऑन या जड द्रवाने भरलेली. भारित कण त्यातून गेला की वाटेत बुडबुड्यांची रेघ उठे आणि तिचा फोटो निघे. असे फोटो युरोपातल्या प्रयोगशाळांत वाटले जात आणि माणसं ते एकेक करून डोळ्यांनी तपासत. १९७२-७३ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या आखनमध्ये असाच एक फोटो समोर आला. काळ्या पटावर मध्येच कुठूनतरी सुरू झालेली एकटी रेघ. ती होती इलेक्ट्रॉनची. तिच्या मागे काही नाही, शेजारी काही नाही. ज्याने धक्का दिला, त्याची खूणच उमटलेली नव्हती. जुलै १९७३ मध्ये, इतर पुरावे जमल्यावर, सर्नने हा शोध जाहीर केला. झेड कण प्रत्यक्ष हाती लागायला मात्र १९८३ उजाडलं.