कोल्युब्रिडी

सरीसृप वर्गाच्या स्क्वॅमेटा गणातील सर्प या उपगणाचे सर्वांत मोठे कुल. जगात सापांच्या सुमारे ४,००० जाती ज्ञात आहेत; त्यांपैकी निम्म्याच्या आसपास, म्हणजे २,००० हून अधिक जाती या एका कुलात मोडतात. प्रजातींची संख्या अडीचशेच्या घरात जाते. धामण, तस्कर, कवड्या, कुकरी, दिवड, नानेटी, गवत्या, रुका, हरणटोळ, मांजऱ्या हे सगळे याच कुलातले. बहुतेक जाती माणसाला निरुपद्रवी आहेत, मात्र सर्व नाहीत. (या नोंदीत ‘प्रजाती’ म्हणजे अनेक जातींचा समूह आणि ‘जाती’ म्हणजे त्यातील एक घटक असा अर्थ घेतला आहे. अलीकडच्या लिखाणात हे शब्द नेमके उलट वापरलेलेही दिसतात.)

शरीरलक्षणे : संपूर्ण कुलाला लागू पडेल आणि इतरांना लागू पडणार नाही असे एकही ठळक बाह्य लक्षण सांगता येत नाही. मागील पायांचे व कटिमेखलेचे (त्या पायांना आधार देणाऱ्या कमरेच्या हाडांचे) अवशेष नाहीत, खालच्या जबड्यात कोरोनॉइड हाड नाही, डावे फुप्फुस अगदी लहान किंवा नाहीसे झालेले, वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला पोकळ विषदंत नाहीत : व्याख्या अशी नकारांनीच भरलेली आहे, आणि त्यातले पहिले तीन नकार नाग व घोणस यांच्या कुलांनाही लागू होतात. बहुतेकांच्या डोक्यावर नऊ मोठ्या, सममित ढाली आणि पोटाखाली रुंद आडवे खवले असतात.

व्यवहारात उपयोगी पडतो तो लोरियल खवला. नाकपुडीचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्यामध्ये, गालावर बसलेला हा लहानसा तुकडा असतो. कोल्युब्रिडीतील बहुतेक सापांत तो आढळतो. नाग, मण्यार यांच्या एलॅपिडी कुलात तो नसतो. धामणीत तर एका बाजूला सहसा तीन लोरियल असतात. कवड्या आणि मण्यार यांची गल्लत नेहमीची; दोन्ही नमुने शेजारी ठेवले, की कवड्याच्या गालावर हा खवला दिसतो, मण्यारीच्या नाही. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची ओळ षटकोनी व बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची असते, कवड्याची तशी नसते. कवड्याचे आडवे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीचे बहुधा मानेकडे पुसट व मागे ठळक असतात. ही तपासणी अर्थातच जतन केलेल्या नमुन्यावर करायची. जिवंत सापाच्या गालाचे खवले मोजायला जाऊ नये.

आकारमानात मोठी तफावत आहे. पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या कॅलॅमॅरिया प्रजातीतील अनेक साप जेमतेम वीतभर ते फूटभर लांब असतात, तर आग्नेय आशियातील टायस कॅरिनाटा ही धामणीची नातलग जाती सुमारे ४ मीटरपर्यंत वाढते.

नाव व वर्गीकरणाचा इतिहास : लॅटिन भाषेत ‘कोल्युबर’ म्हणजे साप. कार्ल लिनीअस यांनी १७५८ साली आपल्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कोल्युबर ही प्रजाती योजली आणि बहुतेक साप तिच्यातच घातले. नाग त्यांच्या लेखी कोल्युबर नाजा होता, युरोपातील व्हायपर कोल्युबर बेरस होता आणि धामण कोल्युबर म्युकोसस. पुढे एकेक गट बाहेर पडत गेला. आज बऱ्याच तज्ज्ञांच्या मते कोल्युबर प्रजातीत कॉन्स्ट्रिक्टर ही उत्तर अमेरिकेतील एकच जाती उरली आहे. काही जण तिच्या जवळच्या आणखी काही जाती त्यात धरतात. ‘कॉन्स्ट्रिक्टर’ म्हणजे आवळणारा, पण हा साप भक्ष्याला वेटोळ्यांनी आवळून मारत नाही. कुल म्हणून मांडणीचे श्रेय निकोलाउस ओपेल (१८११) यांना दिले जाते.

एकोणिसाव्या शतकात वर्गीकरणाची सूत्रे दातांच्या हाती गेली. १८५० च्या दशकात फ्रान्समधील आंद्रे द्यूमेरील व सहकाऱ्यांनी खाच नसलेल्या दातांचे, मागच्या बाजूला खाचेचे दात असलेले, पुढे खाचेचे दात असलेले आणि नळीसारख्या पोकळ दातांचे असे गट पाडले. जॉर्ज बूलँजर यांनी ब्रिटिश संग्रहालयातील सापांच्या तीन खंडी सूचीत (१८९३–९६) यांतले पहिले तिन्ही गट कोल्युब्रिडीतच ठेवले. म्हणजे त्यांच्या हिशेबी नागही कोल्युब्रिडीचाच. नंतर नाग-मण्यारींचे कुल वेगळे झाले, पण जे कुठेच बसत नाही ते कोल्युब्रिडीत टाकायचे ही सवय टिकली. अमेरिकेत एडवर्ड कोप यांनी १८९० च्या दशकात नराच्या दुहेरी जननेंद्रियाची रचना व त्यावरील शुक्रवाहक खाच दुभंगलेली आहे की सलग, हा निकष पुढे केला. त्या काळी तो काहीसा विचित्र वाटला असला, तरी दातांपेक्षा तो अधिक भरवशाचा ठरला, असे आता म्हणता येते.

डीएनएच्या अभ्यासाने, विशेषतः २००० नंतर, जुन्या कुलाची वीण उसवली. गोगलगायी खाणारे पॅरिइडी आणि झेनोडर्मिडी हे गट घोणशींच्या कुलाच्याही आधी मूळ शाखेपासून फुटले होते, असे दिसून आले. खाडी-चिखलातले होमॅलोप्सिडी हेही वेगळे निघाले. आफ्रिका व मादागास्करमधील बरेच ‘कोल्युब्रिड’ साप तर धामणीपेक्षा नागाचे जवळचे नातलग ठरले. त्यामुळे नागाला वगळून त्याच्या या नातलगांना ठेवणारे जुने कुल वंशावळीच्या दृष्टीने टिकणारे नव्हते. मादागास्करचे बहुतेक साप एकेकाळी याच कुलात गणले जात. नव्या मांडणीत ते बाहेर गेले आहेत.

उरलेल्या गटाचे काय करायचे याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार नॅट्रिसिडी, डिप्सॅडिडी इत्यादी स्वतंत्र कुले मानावीत. दुसऱ्या मतानुसार कोल्युब्रिडी हे एकच व्यापक कुल ठेवून त्याची उपकुले पाडावीत. शाखांचा क्रम दोन्ही पक्षांना बहुतांशी सारखाच मान्य असल्याने वाद श्रेणीचा आहे, नात्याचा नाही. येथे दुसरी मांडणी स्वीकारली आहे. तीनुसार कोल्युब्रिनी (धामण, तस्कर, कवड्या, कुकरी, मांजऱ्या), नॅट्रिसिनी (दिवड, नानेटी, गवत्या), आहेटुलिनी (हरणटोळ, रुका, उडता सोनसर्प, हे उपकुल २०१६ सालचे), मुख्यतः अमेरिकेतील डिप्सॅडिनी आणि कॅलॅमॅरिनी, सिबिनोफिनी, ग्रायिनी, स्यूडोझेनोडोंटिनी अशी उपकुले धरतात.

या घडामोडींचा फटका नावांना बसतो. दिवडाला गेल्या शतकभरात ट्रोपिडोनोटस, नॅट्रिक्स, झेनोक्रोफिस अशी प्रजातिनावे मिळाली आणि सध्या तो फाउलिया आहे. धामणीचे टायस म्युकोसस हे नाव व्याकरणामुळे बदलले : ‘टायस’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याचे पॅट्रिक डेव्हिड व इंद्रनील दास यांनी २००४ साली दाखवले आणि म्युकोससची म्युकोसा झाली. हरणटोळ म्हणून ओळखली जाणारी आहेटुला नासुटा ही एकच जाती नसून अनेक असल्याचे २०२० मध्ये दाखवण्यात आले. नासुटा हे नाव आता श्रीलंकेतील सापापुरते उरले आहे.

दात, ग्रंथी व विष : ‘बिनविषारी’ हा शब्द या कुलाला सरसकट लावला जात असे. सर्पअभ्यासकांच्या बोलण्यातला ‘निमविषारी’ हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो, पण तोही सैलच आहे. यातील अनेक सापांच्या वरच्या जबड्यात, डोळ्याच्या खाली किंवा त्याच्याही मागे, एक-दोन मोठे, बहुधा खाच असलेले दात असतात. त्यांच्या मुळाशी उघडणाऱ्या ग्रंथीला फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज डुव्हर्नॉय यांच्या नावाने ओळखतात. नाग-घोणशींच्या विषग्रंथीत विष साठवायला मोठी पोकळी आणि ती दाबणारा स्नायू असतो. डुव्हर्नॉय ग्रंथीत साठा अत्यल्प असतो आणि तसा स्नायू बहुधा नसतो. त्यामुळे स्राव दाबाने टोचला जात नाही, खाचेतून झिरपतो, आणि साप भक्ष्य धरून चावत राहतो. सरडा तोंडात धरलेला मांजऱ्या जबडा पुन्हा पुन्हा पुढे सरकवतो तो त्यासाठीच.

हे मागचे दात आणि नागाचे पुढचे दात यांचा संबंध काय, हा जुना प्रश्न आहे. फ्रीक व्होंक व सहकाऱ्यांनी २००८ साली सापांच्या भ्रूणांचा अभ्यास करून दाखवले, की पुढचे विषदंतही जबड्याच्या मागच्या भागातच तयार होऊ लागतात आणि वाढीच्या ओघात पुढे सरकतात. दोन्हींचे मूळ एकच असल्याचा हा सबळ पुरावा मानला जातो.

अधिक वादग्रस्त आहे तो विषाच्या उगमाचा प्रश्न. २००३ साली ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी तस्कराच्या प्रजातीतील सीलोग्नॅथस रेडिएटस या ‘बिनविषारी’ सापाच्या स्रावातून, नागाच्या विषातील प्रथिनांच्याच गटात बसणारे चेताविष (मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष) वेगळे केले. यावरून सापांचे विष फार प्राचीन असून ते काही सरड्यांबरोबरच्या समान पूर्वजापर्यंत जाते, अशी कल्पना २००५–०६ मध्ये पुढे आली. तिच्यावर २०१४ च्या सुमारास आक्षेप आला : ‘विषाची’ म्हणून दाखवलेली अनेक जनुके इतर ऊतींतही कार्यरत आढळतात, तेव्हा केवळ प्रथिन सापडले म्हणून ते विष ठरत नाही. केनेथ कार्डाँग आदींचे म्हणणे असे, की भक्ष्य मारण्यासाठी स्रावाचा प्रत्यक्ष उपयोग होतो का, यावरूनच विषारी हा शब्द ठरावा. हे मत जास्त सावध आहे आणि नोंदीपुरते ते पुरेसे आहे.

माणसाला खरोखर घातक ठरलेल्या जाती मोजक्या आहेत. आफ्रिकेतील बूमस्लँग (डिस्फोलिडस टायपस) ही त्यांतली सर्वांत परिचित. सप्टेंबर १९५७ मध्ये शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील कार्ल श्मिट यांना जेमतेम अडीच फुटांचे पिल्लू अंगठ्याला चावले. मागचा एकच दात रुतला होता. त्यांनी इलाज न घेता आपल्या शरीरातील बदलांची टिपणे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. हे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना चेतवून संपवते. मग रक्त गोठेनासे होऊन सर्वत्र रक्तस्राव सुरू होतो. परिणाम तासांनी दिसू लागत असल्याने दंश किरकोळ वाटतो. जर्मन सर्पशास्त्रज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ साली थेलोटॉर्निस या आफ्रिकी सापाच्या दंशाने गेले. बूमस्लँगवर प्रतिविष दक्षिण आफ्रिकेत बनते. थेलोटॉर्निसवर ते उपलब्ध नाही.

जपानमधील यामाकागाशी (रॅब्डोफिस टायग्रिनस) याच्या दंशानेही मृत्यू झाले आहेत. हा साप दोन प्रकारचे विष बाळगतो : एक तोंडातले, दुसरे मानेवरच्या ग्रंथींतले, आणि हे दुसरे त्याने खाल्लेल्या भेकांकडून आलेले असते. भेक नसलेल्या बेटावरच्या सापांत ते आढळत नाही, आणि मादी ते पिलांनाही देते, असे २००७ मध्ये सिद्ध झाले. निरुपद्रवी म्हणून परिचित असलेला गवत्या अलीकडे याच रॅब्डोफिस प्रजातीत हलवला गेला आहे.

आहार व सवयी : उंदीर, बेडूक, मासे, सरडे, पक्षी, अंडी, गोगलगायी, इतर साप असा कुलाचा एकूण आहार व्यापक आहे, एकेक जाती मात्र बरीच चोखंदळ असते. अमेरिकेतील किंगस्नेक पिट व्हायपर या घोणशीच्या कुलातील विषारी सापांच्या विषाला दाद न देता त्यांना गिळतो. गार्टर साप टेट्रोडोटॉक्सिन हे जबर विष असलेले न्यूट (शेपटीवाले उभयचर प्राणी) खातो. हॉगनोज साप डिवचल्यास उताणा पडून मेल्याचे सोंग घेतो आणि पालथा केला, तर पुन्हा उताणा होतो. सोनसर्प बरगड्या फाकवून अंग चपटे करतो व झाडावरून तरंगत खाली येतो.

अंडीखाऊ सापाच्या घशात मणक्यांची टोके अन्ननलिकेत शिरलेली असतात. अंडे आख्खे गिळले जाते, या टोकांवर ते फुटते, आतला बलक खाली जातो आणि कवच बाहेर टाकले जाते. आफ्रिकेतील डॅसिपेल्टिस आणि दक्षिण आशियातील १८६३ साली वर्णिलेला एलॅकिस्टोडॉन या दोघांत ही युक्ती असल्याने त्यांना पूर्वी जवळचे मानत. २०१८ मध्ये डीएनएवरून एलॅकिस्टोडॉन हा मांजऱ्याच्या बॉइगा प्रजातीचाच असल्याचे दिसले. म्हणजे युक्ती दोनदा स्वतंत्रपणे उपजली.

प्रजनन : बहुसंख्य जाती अंडी घालतात. हरणटोळ, तसेच अमेरिकेतील गार्टर व इतर नॅट्रिसिनी साप पिलांना जन्म देतात. धामणीच्या दोन नरांची झुंज पाहणाऱ्याला बहुधा मीलन वाटते.

प्रसार व उगम : अंटार्क्टिकाखेरीज सर्व खंडांत या कुलाचा आढळ आहे. ऑस्ट्रेलियात मात्र उत्तर व पूर्वेकडील मोजक्याच जाती आहेत; तेथे नागाच्या कुलाचे राज्य आहे. तिबेटमध्ये ४,००० मीटरहून उंच जागी उष्ण झऱ्यांच्या आधाराने राहणारा थर्मोफिस हा आशियातील असूनही अमेरिकी डिप्सॅडिनींचा नातलग आहे. आशियातून बेरिंगच्या भूसेतूमार्गे अमेरिकेत झालेल्या प्रसाराचा तो अवशेष असावा.

उगम आशियातला असावा, असा सध्याचा कल आहे. गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइट खाणीतून आदि-इओसीन काळातील, म्हणजे सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या, प्रोसेरोफिस साहनी या सापाचे मणके २००८ मध्ये वर्णिले गेले. ते कोल्युब्रिडी ज्या अधिकुलात येते त्या व्यापक गटाचे आहेत. कुलाचे म्हणता येत नाहीत. थायलंडमधील क्राबी येथील उत्तर-इओसीन मणके कुलाचे सर्वांत जुने म्हणून १९९२ मध्ये मांडले गेले, परंतु सुट्या मणक्यांवरून कुल ठरवणे नेहमीच धोक्याचे. त्यानंतरच्या मायोसीन काळापासून (सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीपासून) मात्र जीवाश्मांत या गटाचे प्राबल्य स्पष्ट दिसते.

माणसाशी संबंध : बॉइगा इरेग्युलॅरिस हा साप दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा मालवाहतुकीबरोबर, पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर पोहोचला. तेथील १२ स्थानिक वनपक्ष्यांपैकी १० नाहीसे झाले. कारण साप आहे हे ज्युली सॅव्हिज यांनी १९८७ साली दाखवून देईपर्यंत रोग व कीटकनाशके यांवर संशय होता. या सापाच्या स्रावातील एक विष पक्षी व सरडे यांवर जहाल असून सस्तन प्राण्यांवर फारसे चालत नाही. धामणीच्या कातड्याचा व्यापार मोठा असल्याने तिचा समावेश आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या (साइट्स) दुसऱ्या परिशिष्टात केलेला आहे.